अक्कांची पहिली पंगत

"सावकाश होऊ द्या. कोनाले घाई नाई."

हे शब्द कानावर आले की समजायचं, अक्का दोन्ही हात पाठीमागं धरून पंगतीच्या या टोकाकडून त्या टोकाकडं निघाल्या. त्या स्वतः कधी वाढत नसत. कुणाचा भात संपत आलाय, कुणाच्या द्रोणात वरण उरलं नाही, कोण लाजून नको म्हणतंय, हे त्यांना चालता चालता दिसायचं आणि मग वाढणाऱ्याची काही खैर नसायची. "अरे, इकडं पाह्य ना जरा! गुरुजी कोरडी भाकर खाऊन राह्यले अन तू तिकडं दात काढून राह्यला!"

पंगत संपत आली की त्या टोकाशी येऊन थांबत. शेवटच्या म्हाताऱ्याचा शेवटचा घास होऊ देत. मग विचारत, "झालं ना सगळ्याइचं? उठा मंग." की सगळी ओळ एकदम उठायची. त्याआधी कुणी उठत नसे. तुम्हीही खाली बसून पंगती जेवला असाल तर तुम्हाला हे सांगायला नको. आपलं पोट भरलं म्हणून मधूनच उठून हात धुवायला गेलं, तर तो जेवू घालणाऱ्याचा अपमान. हात वाळला तरी बसून राहायचं.

एवढं वाचून कुणाला वाटेल, ही बाई लग्नाच्या स्वयंपाकाचे ठेके घेत असावी. छे हो! आदिलाबादच्या बाहेर अक्कांची जिनिंग होती. कापसातून सरकी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या. मी तिथं हिशेब बघते. आजही बघते. नवरा गेल्यावर अक्का जिनिंगच्या खुर्चीत बसल्या, तेव्हा कापूस बाजारात लोक म्हणाले, बाई एखाददोन हंगाम काढतील फार तर. त्या लोकांतले बरेचजण आता दुकानं बंद करून घरी बसलेत. बरं झालं, असं मी म्हणत नाही. मोठ्यानं तर नाहीच नाही.

अक्कांच्या कानामागच्या केसांत कायम कापसाचा एखादा तंतू अडकलेला असायचा. कितीदा सांगितलं तरी तो तिथंच. कास्तकारांशी मराठी, ऑफिसात तेलुगू, व्यापाऱ्यांशी हिंदी. रागावायचं मात्र मराठीतच, मग समोरचा वारंगळचा असो की गुजरातचा. कळलं नाही तर मी आहेच शेजारी. माझ्या पगारात अक्कांच्या शिव्यांचं भाषांतरही धरलेलं होतं असं मला कधीकधी वाटे.

तर गुडीहत्नूरच्या बाजूला हायवेला लागून एक तेलमिल होती. आमच्या जिनिंगची सरकी तिथं जायची. तिथं तेल निघायचं, आणि उरलेली ढेप पुन्हा आमच्याच कास्तकारांच्या गाईबैलांसमोर यायची. मिलचे मालक म्हातारे झाले, मुलं हैदराबादला स्थिरावली, आणि त्यांनी मिलची सगळी कंपनीच विकायला काढली. बाहेरची एक पार्टी बघून गेली. ते लोक यंत्रं भंगारात काढून तिथं गोदामं बांधणार होते. मिलवरची माणसं आमच्या फाटकात येऊन उभी राहिली.

"सरकी आपली, ढोरं आपली, अन मधातला घानाच मोडून टाकाचा?" अक्का म्हणाल्या. "काऊन? आपनच घेऊन टाकू ना."

"अक्का, पैसे कुठायत?"

"पैसे इचारू नको. कसे आनाचे थे इचार."

बँकेत गेलो. मॅनेजर सज्जन माणूस. चहा पाजला, अक्कांच्या दिवंगत नवऱ्याची आठवण काढली आणि म्हणाला की यंत्र घ्यायचं असेल तर कर्ज आजच मंजूर करतो, पण दुसऱ्या कंपनीचे शेअर विकत घ्यायला आमच्याकडून कर्ज निघत नाही, तसा नियमच आहे. जिनिंगचे साधे शेअर आणखी काढून विकावे, तर अक्का तयार नव्हत्या. साध्या शेअरांत आधीच त्यांच्या दिरांच्या घराचा वाटा त्यांच्यापेक्षा मोठा होता. त्यात आणखी परकी माणसं आली असती तर नवऱ्यानं उभ्या केलेल्या जिनिंगमध्ये त्यांना कुणी विचारलं नसतं.

मग हैदराबादहून आमच्या कंपनीचे कायदेशीर कागद बघणाऱ्या मॅडम आल्या. तरुण, हुशार, डब्यात स्वतःचा दहीभात घेऊन येणाऱ्या. त्यांनी सुचवलं, प्रेफरन्स शेअर काढा. आणि तेही बाजारात जाहिरात करून नाही, तर ओळखीच्या, निवडलेल्या माणसांना एकेकाच्या नावानं पत्र देऊन. त्या तेलुगूत आणि हिंदीत समजावत होत्या, मी अडखळत मराठीत सांगत होते. या शेअरवाल्यांचा लाभांश ठरलेला. तो आधी द्यायचा. त्यांचं देऊन उरलं तर साध्या शेअरवाल्यांना. एखाद्या वर्षी राहिला तर तो बाकी राहतो, पुढच्या वर्षी तो धरून द्यायचा. कंपनी बुडाली तरी यांचं मुद्दल साध्यांच्या आधी. मात्र सभेत एरवी यांना मत नाही.

अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं, झोपल्या. तर म्हणतात कशा, "म्हंजे पयल्या पंगतीचे पाहुने. पान पयले त्याइचं. पन सयपाक काय कराचा थे त्याइनं सांगाचं नाई."

मी मॅडमना भाषांतर करून सांगितलं. मॅडमनी चमचा डब्यात ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "करेक्ट."

"अन मी?" अक्कांनी विचारलं.

"तुम्ही घरच्या. शेवटच्या पंगतीत."

"थे तं मी रोजच हावो," अक्का म्हणाल्या. खरंच होतं ते. जिनिंगवर जेवण असलं की सगळ्यांचं झाल्यावर त्या वाढणाऱ्यांसोबत बसत आणि पातेल्यात उरलं असेल ते खात.

पण हा पंगतीचा दाखला दिला आणि आमची पंचाईत झाली. कारण त्या दिवसापासून जिनिंगमध्ये कुणालाच ही शेअरविक्री वाटेना. लग्नच वाटायला लागलं. अक्का यादी करायला बसल्या त्या भावकी आठवत. मॅडमनी प्रत्येकाच्या नावाची पत्रं छापून पाठवली, तर अक्कांनी त्यांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. वजनकाट्यावरच्या माणसानं तर परस्पर भोंग्याची ऑटो ठरवून टाकली होती, गावोगाव पुकारा करायला. मॅडमना फोनवर हे कळलं तेव्हा त्यांचा आवाज इतका चढला की फोन कानापासून दूर धरावा लागला. "अम्मा, इदि पेळ्ळि कादु!" अम्मा, हे लग्न नाही! असं जाहीर आमंत्रण करणं कायद्याला चालत नाही, ज्याच्या नावाचं पत्र त्यालाच बोलवायचं, नाहीतर सगळं रद्द होईल आणि मिल हातची जाईल. ऑटोवाल्याला भाड्याचे पैसे देऊन परत पाठवलं. जाताना तो म्हणाला, "मले तं एक पत्रिका द्या."

आमच्याकडं चूलबंद आमंत्रण असतं. म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, पोराबाळांसकट सगळ्यांनी जेवायला यायचं. त्यामुळं एका घरातल्या एकाच माणसाला बोलवायचं ही गोष्टच लोकांच्या पचनी पडेना. भीमपूरच्या एका पाटलांनी आपलं पत्र देऊन धाकट्या भावाला पाठवून दिलं. "दादाले बरं नाई, मी आलो त्याइच्या बदल्यात." मी म्हटलं, तुमच्या नावाचं पत्र नाही, तुम्हाला शेअर देता येत नाही. तो माणूस लाल झाला. "लग्नात असंच जातो ना आमी? थोरला नाई तं धाकटा!" त्याला अक्कांनी स्वतः चहा दिला, फाटकापर्यंत सोडलं, तरी पुढं कितीतरी दिवस तो रस्त्यात दिसला की मान फिरवायचा. अक्कांच्या नणंदेचे व्याही रुसले. बाजारातले दोघे रुसले. ज्यांना पत्र गेलं नाही ते रुसले, आणि ज्यांना गेलं ते, आमच्या अमक्याला का नाही, म्हणून रुसले.

आणि चेक! पैसे बँकेतूनच यायला हवे होते, रोख चालत नव्हतं, हे लोकांनी मान्य केलं. पण पहिला चेक आला तो पन्नास हजार एक रुपयांचा. दुसराही तसाच. तिसरा पंचवीस हजार एक. शुभकार्याला कुणी पूर्ण आकडा देतं का? वरचा रुपया शकुनाचा! आता शेअर तर पूर्ण रकमेचेच द्यायचे. वरचा रुपया कंपनीला ठेवता येईना. मला बसून प्रत्येकाच्या खात्यात एकेक रुपया परत पाठवावा लागला, आणि एकेकाचा फोन यायला लागला. "बाई, आमचा आहेर परत करून राह्यल्या का तुमी?" मी डोकं धरून बसले होते. अक्का मात्र दाराशी उभ्या राहून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. त्यांना तसं हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं.

माझ्या बाबांनाही पत्र होतं. बाबा निवृत्त शिक्षक. आम्ही बौद्ध. माझे आजोबा अक्कांच्या माहेरच्या गावात सालगडी होते. अक्का आमच्या घरी आल्या त्या स्वतः, मला न सांगता. आमच्याकडं हळदकुंकवाचं पत्र चालणार नाही हे त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी बाबांच्या पत्रावर चाफ्याचं पांढरं फूल ठेवून आणलं होतं. पाणी झालं, चहा झाला आणि त्यांनी आपलं नेहमीचं सुरू केलं. "पयल्या पंगतीत बसा गुरुजी. पान आधी तुमचं."

बाबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. हे त्यांचं वर्गातलं लक्षण. पोरांना कळायचं, आता काहीतरी येणार.

"मत नाही म्हणता," बाबा म्हणाले. "म्हणजे जेवू घालणार, पण बोलू देणार नाही. हे आम्हाला नवीन नाही, अक्का."

मला धरणीत गडप व्हावंसं वाटलं. एकीकडं माझे बाबा, दुसरीकडं माझी नोकरी. अक्कांचा चेहरा खर्रकन उतरला. त्या काही तरी गोड बोलून वेळ मारून नेतील असं मला वाटलं, पण नाही. त्यांनी पत्रावरचं फूल बाजूला सरकवलं.

"एक गोष्ट राह्यली सांगाची," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं तुमाले लाभांश भेटला नाई, तं मंग सगळ्या गोष्टीत मत भेटते. माह्या मनचं नाई सांगत. कायद्यातच हाय."

बाबांनी पत्र हातात घेऊन ते कलम शोधून वाचलं. सावकाश, दोनदा. "मग ठीक आहे," ते म्हणाले आणि आतून पेन आणायला मला सांगितलं. अक्का गेल्यावर मी बाबांवर चिडले. ते म्हणाले, "तिनं खरं सांगितलं ना? मग तू कशाला फुरंगटतेस?"

मिल आली. पहिल्या वर्षी लाभांशही निघाला. सप्टेंबरात कंपनीची वार्षिक सभा असते. तेव्हा जिनिंगची शेड रिकामी असते, कापूस अजून झाडावर असतो. सभेनंतर तिथंच सतरंज्या टाकून पंगत. पहिल्या पंगतीत शेअरवाले पाहुणे. बाबा, बाजारातले कापडवाले चाचा, भीमपूरचे थोरले पाटील, एक निवृत्त नर्सबाई, असे सगळे. आलू-वांग्याची भाजी, पुरी, वरण-भात, मठ्ठा आणि बुंदी. अक्का हात पाठीमागं धरून फिरत होत्या. "सावकाश होऊ द्या." बाबांच्या पानासमोर जरा जास्तच थांबल्या. वाढणाऱ्याला म्हणाल्या, "गुरुजीले बुंदी घाल." बाबांना मधुमेह आहे. त्यांनी ती बुंदी खाल्ली आणि घरी येऊन आईची बोलणी खाल्ली.

पुढं मात्र दिवस फिरले. मिलचं जुनं यंत्र मोडलं, ते बदलण्यातच वर्ष गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी वेचणीच्या वेळेला पाऊस लागून राहिला, सरकी ओली झाली, आणि बाजारात बाहेरचं तेल स्वस्त झालं. दोन्ही वर्षं लाभांश नाही. सभेनंतर जेवण होतं, पण गोड नव्हतं. अक्कांनीच तसं ठरवलेलं. "वाढाले नाई तं बुंदी कोन्या तोंडानं घालू?" वरण, भात, भाजी, भाकरी. लोक जेवले. कुणी तक्रार केली नाही.

अक्कांनी मात्र ते मनाला फार लावून घेतलं. त्यांनी लग्नांना जाणं सोडलं. एकदा भीमपूरला एका लग्नाला आम्ही गेलो होतो, तर मांडवाच्या दारातूनच त्यांनी ड्रायव्हरच्या हाती आहेर आत पाठवला. मी म्हटलं, अक्का, उतरा तरी. त्या गाडीत बसूनच राहिल्या. "आत समदे आपलेच बसले असतीन. पान मांडून बसवलं मी त्याइले, अन दोन वर्सं झाले, वाढलंच नाई. कसं जाऊ?" मला रडूच आलं. मग मी रागावले त्यांच्यावर, कारण मला रडू आलं की मी रागावते. म्हटलं, पाऊस काय तुम्ही पाडला का? त्यांनी गाडी वळवायला सांगितली.

आणि तेव्हाच पुतण्या नागपूरहून आला. अक्कांच्या दिराचा मुलगा. माणूस वाईट नाही हो, उगाच त्याला खलनायक करायला मला आवडणार नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. "काकू, किती दिवस ओढायचं? गोदामवाले अजून तयार आहेत. मिल विकू, सगळ्यांचे पैसे परत देऊ, मोकळे होऊ." ठराव सभेपुढं येणार होता. नुसत्या साध्या शेअरांवर मतदान झालं असतं तर दिरांच्या घराचं पारडं जड, मिल गेलीच होती. पण आता दोन वर्षं लाभांश दिलेला नव्हता. पहिल्या पंगतीवाल्यांना मत आलं होतं. सगळे अक्कांच्या बाजूनं उभे राहिले तर मिल वाचत होती.

मी तर खूश झाले. म्हटलं, "अक्का, चला, घरोघरी जाऊ. सांगा सगळ्यांना, विकू नका म्हणावं."

"जाऊ," अक्का म्हणाल्या. "पत्र तं जाईनच. पन बोलावनं घरी जाऊन केलं तं हेबी घरी जाऊनच सांगाचं."

गेलो. आणि अक्का घरोघरी काय बोलल्या, सांगू? "तुमाले आता मत हाय. मिल इकली तं तुमचं मुद्दल लगेच हाती पडंन, मागचा लाभांशबी भेटंन. नाई इकली तं मी काईच जबान देऊ शकत नाई. हंगाम कसा निंघतो कोनाले मालूम? तुमच्या मनाले पटंन थे करजा." बस. एवढंच. मिलवरच्या माणसांचं नाव नाही, गोदामाचं नाव नाही, 'माझ्यासाठी' तर नाहीच.

तिसऱ्या घरातून निघाल्यावर मी गाडीतच भांडले. "हे काय चाललंय? तुमच्याच हातानं मिल घालवताय तुम्ही!"

"मीच बोलावलं ना त्याइले जेवाले?" अक्का म्हणाल्या. "मंग आता माह्या घरच्या भांडनात त्याइले उभं करू? पाहुन्याले असं करत असते का कोनी?"

आमच्या घरीही त्या तेवढंच बोलल्या. बाबांनी ऐकून घेतलं, मान हलवली. त्या गेल्यावर मी विचारलं, बाबा, तुम्ही काय करणार? बाबा म्हणाले, "मत माझं आहे. तुझं नाही." चिडून मी जेवले नाही. आईनं माझं ताट झाकून ठेवलं.

सभेच्या दिवशी शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मिलवरची माणसं बाहेर कडुनिंबाखाली बसली होती. आत यायचा त्यांना हक्क नव्हता. पुतण्यानं ठराव मांडला, नीट समजावून सांगितला. अक्का अध्यक्षाच्या खुर्चीत. कानामागं तो तंतू होताच. त्यांनी विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का?

मग बाबा उठले. चष्मा काढला, पुसला, लावला.

"माझे वडील या अक्कांच्या गावात लग्नाला जेवले आहेत," ते म्हणाले. "मांडवाच्या बाहेर बसून. सगळ्यात शेवटी. ते कधी पंगतीतून अर्ध्यावर उठले नाहीत. कारण उठायची त्यांना मुभाच नव्हती. मला आहे. आज माझ्या हातात मत आहे, मी आत्ता उठून माझे पैसे घेऊन जाऊ शकतो, आणि मला कुणी अडवू शकत नाही. हे मला अक्कांनीच घरी येऊन सांगितलं. म्हणून मी बसतो. मी पंगतीतून उठत नाही."

आणि ते खुर्चीत खाली बसले.

अक्कांनी पदर तोंडाला लावला. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. माझंच काही ठीक नव्हतं. मागून कापडवाल्या चाचांचा खोकल्यासारखा आवाज आला. "दस्तरखान पर से अधूरे कौन उठते जी? हम भी बैठे हैं." मग नर्सबाई म्हणाल्या, मी पण. भीमपूरच्या पाटलांनी तर मांडीच ठोकली. खुर्चीवर बसून मांडी ठोकणं काही सोपं नाही, पण त्यांनी ठोकली.

मतदान कागदावर झालं. पाटलांचा धाकटा भाऊ, तोच रुसलेला, बाहेर मिलच्या माणसांसोबत उभा राहून खिडकीतून बघत होता. मॅडमनी निकाल वाचला. मिल विकायची नाही. बाहेर कडुनिंबाखाली आधी कुणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा एक म्हातारा खाली बसून रडायला लागला. पुतण्यानं ठरावाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग उठून अक्कांजवळ आला. "काकू, जेवण आहे ना आज?"

"हाय," अक्का म्हणाल्या. "गोड नाई पन."

त्यानंतरचा हंगाम चांगला गेला. यंत्र नवं होतं, सरकी कोरडी आली, तेलाला भाव मिळाला. अक्का मात्र थकल्या होत्या. दम लागायचा. उन्हाळ्यात त्यांनी जिनिंगवर येणं बंद केलं, मीच हिशेब घेऊन त्यांच्या घरी जायची. ताळेबंद तयार झाला त्या दुपारी त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. मी आकडे सांगायला लागले, तर हातानं थांबवलं.

"आकडे राहू दे. सगळ्याइले पुरते का सांग."

"पुरतं, अक्का. मागच्या दोन्ही वर्षांचं धरून पुरतं. तुमच्या साध्या शेअरला मात्र काही उरत नाही."

अक्का हसल्या. चेकवरच्या एक रुपयाला हसल्या होत्या तशा. "आपलं काय पोरी. आपन घरचे. आपन खरवड खाऊ." मग म्हणाल्या, "बुंदी ठेवजो. गुरुजीले थोडीशीच वाढजो, नाई तं तुही माय मले शिव्या देईन."

पावसाळ्यात त्या गेल्या. मला खूप रडू आलं आणि या वेळी मी कुणावर रागावलेही नाही.

सप्टेंबरात सभा झाली. पुतण्या अध्यक्ष होता. लाभांश मंजूर झाला, मागचा बाकी राहिलेलाही. मग शेडमध्ये सतरंज्या पडल्या, पत्रावळी मांडल्या. पहिली पंगत बसली. बुंदी होती. वाढणारी पोरं आपोआप नीट वाढत होती, कुणी दात काढत नव्हतं. बाबांच्या पानावर मी स्वतः थोडीशीच बुंदी वाढली. लोक जेवले, चांगले जेवले. वरून पंख्याचा तेवढा आवाज येत होता.

जेवणं झाली. शेवटी चाचांनी मठ्ठ्याचा द्रोण खाली ठेवला. सगळ्यांचे हात थांबले. आणि सगळे बसून राहिले.

आधी मला कळलंच नाही. वाटलं, कुणाचं राहिलं असेल. मी ओळीवरून नजर फिरवली. सगळी पानं रिकामी होती. बाबा, चाचा, नर्सबाई, भीमपूरचे पाटील, सगळे मांडी घालून, उजवा हात पानावर धरून, समोर बघत बसले होते. वाढणारी पोरं रिकाम्या बादल्या घेऊन उभी. मिलवरची माणसं दुसऱ्या पंगतीसाठी दाराशी खोळंबलेली. पुतण्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं. उठा म्हणायचं काम आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं. इतकी वर्षं ते एकाच माणसाचं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला सोपवायचं असतं हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी पंगतीच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. माझे हात कधी पाठीमागं गेले मला कळलं नाही.

"झालं ना सगळ्याइचं?" मी म्हटलं.

पुढचे दोन शब्द मला येईनात. बाबांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या बोटांवरचं वरण वाळून गेलं होतं. ते तसेच बसून राहिले. कुणीच उठलं नाही.